आण्णांचे दुकान आणि सहा पिना

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी लिहावे ते पावसावर, आईवर किंवा फार तर एस. टी. च्या प्रवासावर, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. संपादक मंडळाने विषय विचारला तेव्हा मी ‘मोटारसायकलीतला संगणक तपासण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे’ असे सांगितले आणि समोर बसलेल्या दोन्ही सरांनी एकमेकांकडे पाहिले. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरी सर्वांत जास्त बोलणे झाले ते याच विषयावर. घरातील वीस हजार रुपये त्यात अडकले होते आणि दुकान राहणार की जाणार हेही त्यावरच ठरायचे होते. तेव्हा वाचकांनी थोडे ऑइलचे डाग सहन करावेत, ही विनंती.

आण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, उदगीर रस्त्यावर दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे, पान्यांची एक लाकडी पेटी आणि वीस वर्षांचे ऑइल मुरून काळी झालेली जमीन. आण्णा सातवीपर्यंत शिकले. पुढचे शिक्षण बिदरच्या एका उस्तादांच्या हाताखाली झाले. दादा बारावीनंतर चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर लागला. महाविद्यालयात येणारी घरातील मी पहिली. आपले गाव तीन राज्यांच्या शिवेवर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील जुक्कल आणि बिचकुंदा ही मंडळे पलीकडे गेली, पण तिकडच्या गाड्यांना ते कोणी सांगितलेले दिसत नाही. त्या अजून आमच्याच पत्र्याखाली येऊन उभ्या राहतात. त्यामुळे दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषांत गाडीला नावे ठेवलेली ऐकू येतात.

आण्णा गाडी ऐकतात. किक मारायची, हात मुठीवर ठेवायचा, मान थोडी तिरपी करायची आणि डोळे मिटायचे. मग कार्बोरेटरचा बारका स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहायचा. काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त जाते, पांढरा पडला असेल तर कमी, आणि भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर गाडी सुखात आहे. ‘ट्यूनिंग’ हा शब्द मी इंग्रजीच्या पुस्तकात वाचण्याआधी दहा वर्षे या अर्थाने ऐकला आहे.

१ एप्रिल २०२० ला सारा देश टाळेबंदीत होता, म्हणून त्या तारखेचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात राहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या आदेशाप्रमाणे त्या दिवसापासून बीएस-४ गाड्यांची विक्री थांबायची होती आणि बीएस-६ च्या गाड्या यायच्या होत्या. इंजेक्शनच्या गाड्या त्याआधी नव्हत्या असे नाही. हिरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ साली आली होती आणि बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय २००७ साली. पण त्या आमच्याकडे क्वचित दिसत. २०२० नंतर मात्र शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्यांतूनही कार्बोरेटर बहुतेक गेलाच. त्याच्या जागी इंजेक्टर आला, पेट्रोलच्या टाकीत विजेचा पंप आला, आणि सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड ईसीयू नावाची हाताच्या पंजाएवढी डबी आली. मूठ किती पिळली, इंजिन किती तापले, हवेचा दाब किती, सायलेन्सरच्या नळीतून जाणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला, हे निरनिराळे सेन्सर त्या डबीला कळवतात. डबी हिशेब करते आणि इंजेक्टर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता उघडते. हिशेब जुळला नाही की समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून या देखरेखीचा दुसरा टप्पा आला आणि डबीची नजर आणखी कडक झाली.

यात फिरवायला स्क्रू कुठेच नाही. आण्णांनी मान तिरपी करून ऐकायचे ते ऐकले, पण हात कुठे घालायचा हे त्यांना समजेना. “साहेब, ही आपल्याकडं होत न्हाई, नांदेडला न्या,” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी अकरावीत होते. नांदेड इथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. गिऱ्हाईक जाते, आणि गेलेले गिऱ्हाईक पंक्चर काढायलासुद्धा परत येत नाही. दादा फोनवर म्हणू लागला, “आण्णा, बंद करा दुकान. इकडं या, वॉचमनची नोकरी लावून देतो.” आण्णा त्यावर काही बोलत नसत. ते न बोलणे आईला सहन झाले नाही. तिने बचत गटातून वीस हजारांचे कर्ज उचलले आणि पैसे आण्णांच्या हातात न देता माझ्या हातात दिले. “तुला विंग्रजी वाचता येतंय. ह्या पैशात दुकान हुभं ऱ्हाईल असं काय आसंल ते बघ,” एवढेच ती म्हणाली.

मी काय घ्यायचे ते शोधण्याआधी काय लागते ते लिहून काढायचे ठरवले. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी पाहणीची पद्धत शिकवली होती, तिचा असा उपयोग होईल असे त्यांनाही वाटले नसेल. दोनशे पानी वहीत रकाने आखले: गाडी कोणती, साल कोणते, गिऱ्हाइकाचे म्हणणे काय, खरा दोष काय निघाला, निदानाचा प्लग कसा. दीड महिना मी कॉलेज सुटल्यावर दुकानात बसून ती वही भरली. दर तीन गाड्यांत साधारण एक इंजेक्शनची येत होती. आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गाड्यांचे दुखणे डबीत नव्हतेच. बॅटरी उतरलेली असे, कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले असे, थ्रॉटलच्या तोंडाशी काजळी धरलेली असे, पंपाची जाळी घाण पेट्रोलाने चोंदलेली असे, आणि सुगीनंतर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तर ठरलेल्या. म्हणून आमची पहिली खरेदी संगणकाची झालीच नाही. एक बऱ्यापैकी मल्टीमीटर घेतला. कार्बोरेटरची गाडी बॅटरी मेली तरी किकवर सुरू होई; इंजेक्शनच्या गाडीला पंप, इंजेक्टर आणि डबी या तिघांना धड वीज लागते. हे कळण्यासाठी लॅपटॉपची गरज नाही.

काही गाड्या तर आपले दुखणे दिव्यानेच सांगतात. निदानाच्या प्लगमधल्या ठरावीक दोन तारा जोडून चावी फिरवली की पिवळा दिवा लुकलुकतो. होंडाच्या गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे बारा, आणि बारा म्हणजे इंजेक्टरचा मार्ग. आण्णांना हा प्रकार फार आवडला. रेल्वेतल्या तारमास्तरासारखे ते बोटांवर मोजत बसत. मात्र दिवा एवढेच सांगतो की अमुक ठिकाणी बिघाड आहे. या क्षणी सेन्सर काय आकडा दाखवतो आहे, मूठ पिळली की तो सरळ चढतो की मध्येच उडी मारतो, हे त्यावरून कळत नाही. तेवढ्यासाठी डबीशी बोलणे भाग आहे, आणि बोलायचे तर मध्ये दुभाष्या हवा.

हा दुभाष्या तीन प्रकारचा मिळतो. पहिला हातात धरायचा तयार स्कॅनर. अनेक कंपन्यांच्या गाड्या ओळखणारा, पडद्यावर सगळे मांडून देणारा. आमच्याकडे फिरतीवर आलेल्या विक्रेत्याने त्याची किंमत आमच्या कर्जाच्या दीडपट सांगितली. तरी आई आणखी कर्ज काढायला तयार होती. पण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होते की पहिल्या वर्षानंतर नव्या गाड्यांची माहिती हवी असल्यास दर वर्षी वेगळे पैसे भरावे लागतील. यंत्र विकत घेऊनही भाडे चालूच. ते पान मी आण्णांना दोनदा वाचून दाखवले. त्यांनी माहितीपत्रकाची घडी केली आणि पत्र्याच्या फटीत खोचून दिली. पावसाळ्यात ते तेवढ्या कामाला आले.

दुसरा प्रकार म्हणजे काड्यापेटीएवढी ब्लूटूथची डबी. ती प्लगमध्ये खोचायची आणि मोबाइलवर आकडे पाहायचे. किंमत अगदी किरकोळ. माझ्या वर्गातील एकाने अशी डबी आणली होती, ती आम्ही तीन गाड्यांना लावून पाहिली. एकीने उत्तर दिले, दुसरीने अर्धे दिले, तिसरीने ओळखच दाखवली नाही. याचे कारण शोधताना एक मजेदार इतिहास हाती लागला. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या लहान कंपनीने ईएलएम ३२७ नावाची चिप बनवली होती. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते. नक्कल करणाऱ्यांनी ती उचलली, आवृत्तीचा आकडा बदलून १.५ केला आणि जगभर विकली. मूळ कंपनीने १.५ या आकड्याची आवृत्ती कधी काढलीच नव्हती! मूळ कंपनी २०२२ साली बंद झाली, नकला मात्र अजून बाजारात आहेत. सगळ्याच नकला टाकाऊ असतात असे नाही, पण पुष्कळांत मूळच्या आज्ञा गाळलेल्या असतात. गाडीने जुन्या पद्धतीचा संवाद मागितला की त्या अडखळतात.

ही जुनी-नवी पद्धत म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. डबीशी बोलण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. ‘के-लाइन’ ही एका तारेची; तीवर सेकंदाला सुमारे १०,४०० बिट्स जातात. दुसरी ‘कॅन’, दोन तारांची. तीवर सेकंदाला पाच लाखांपर्यंत जातात. आमच्या वहीतील गाड्यांत दोन्ही रीती होत्या, म्हणून दोन्ही जाणणारा दुभाष्या हवा होता. आणि या आकड्यांवरूनच मला माझ्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मिळाले. जो तो मला सांगत होता की असल्या सॉफ्टवेअरला जबरदस्त लॅपटॉप लागतो, नवा घे, महागडा घे. पण १०,४०० बिट्स म्हणजे संगणकाच्या दृष्टीने बैलगाडीची चाल. ती मोजायला घोडा कशाला? दहा वर्षे वापरलेला लॅपटॉपसुद्धा हे काम आरामात करतो. त्यात चार जीबीची स्मृती आणि फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असली की पुरे. पैसे घालायचे ते लॅपटॉपमध्ये नव्हे, लॅपटॉप आणि गाडी यांच्या मधल्या केबलमध्ये. ब्लूटूथ नको, तारेची यूएसबी हवी. कारण पत्र्याच्या दुकानात वेल्डिंग, ग्राइंडर आणि चालू इंजिन यांच्या गोंगाटात तार भरवशाची. आणि केबलच्या आतली यूएसबीची चिप अस्सल हवी. एफटीडीआय या नावाच्या चिपच्याही नकला झाल्या होत्या, आणि २०१४ साली त्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपा ओळखून निकामी केल्या होत्या, इतके ते प्रकरण चिघळले होते.

तर असा तिसरा प्रकार ठरला: जुना लॅपटॉप आणि चांगली केबल. मोटारींचा निदान-प्लग सोळा पिनांचा असतो आणि नव्या गाड्यांपैकी पुष्कळांचा लाल, सहा पिनांचा. त्यामुळे सहाचे सोळा करणारा एक जोड लागतो. सोळांतली सोळावी पिन बॅटरीची, चौथी व पाचवी अर्थिंगची, सातवी के-लाइनची, सहावी आणि चौदावी कॅनची. दिसायला सारखा असलेला लाल प्लग आतून सारखाच जोडलेला असेल याची खात्री नसते. म्हणून जोड खोचण्याआधी बॅटरीची तार कोणती हे मल्टीमीटरने पाहायचे, असा नियम आण्णांनी घातला आणि तो खडूने खांबावर लिहून घेतला.

सुट्टीत आम्ही दोघे हैदराबादला गेलो. संगारेड्डी–नांदेड–अकोला या महामार्गामुळे आपल्या गावाला हैदराबाद परके नाही. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुन्या लॅपटॉपांची दुकाने आहेत. तिथे आण्णा गांगरले. इतका वेळ पान्याला हात न लावता ते कधी उभे राहिले नव्हते. मी एकेक लॅपटॉप घेऊन कीबोर्डवरचे प्रत्येक अक्षर दाबून पाहिले, यूएसबीच्या प्रत्येक खाचेत पेनड्राइव्ह घातला, आणि चार्जर काढून एक तास तसाच चालू ठेवायला सांगितले. दुकानदार वैतागून म्हणाले, “क्या अम्मा, पूरा इम्तिहान इधरइच देना है क्या?” पण तास भरू दिला. बॅटरीचा हा आग्रह उगाच नव्हता. आमच्या दुकानात दुपारी वीज जाते आणि तपासणी अर्ध्यावर राहिली की गिऱ्हाइकाचा विश्वासही अर्ध्यावर राहतो. तिसरा लॅपटॉप पसंत पडला. केबलसाठी कोठीच्या गुजराती गल्लीत गेलो. तिथे मी दुकानदाराला केबल संगणकाला जोडून आवृत्ती विचारणारी आज्ञा द्यायला सांगितली. पहिल्या दोन केबलींनी १.५ हेच उत्तर दिले. आण्णांना इंग्रजी येत नाही, पण तो आकडा त्यांना पाठ झाला होता. त्यांनी नुसती मान हलवली. तिसरी घेतली. सगळे मिळून, बॅटरी चार्जर धरून, अठरा हजारांत बसले. उरलेल्या पैशांत येण्याचे भाडे आणि आईला एक साडी.

आता सॉफ्टवेअरचे. काही गाड्या कोणत्याही सामान्य सॉफ्टवेअरला पूर्ण उत्तर देतात. काही सर्वसाधारण दोषांचे क्रमांक सांगतात आणि पुढच्या गोष्टींना कंपनीचेच सॉफ्टवेअर मागतात, जे अधिकृत केंद्राबाहेर सहसा मिळत नाही. या कुलपाचा प्रश्न मोठा आहे. मोटारींच्या बाबतीत शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या मिस्त्रींना मिळू दिली जात नाहीत. प्रकरण पुढे वरच्या न्यायपीठांकडे गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनेही आहेत. उदगीर रस्त्यावरच्या पत्र्यापर्यंत ते अजून पोहोचलेले नाही. आम्ही एवढेच केले की कुलपामागची कामे आमची नाहीत, हे गिऱ्हाइकाला गाडी उघडण्याआधी सांगायचे.

लॅपटॉप आल्याची बातमी पसरली आणि आमच्याच कॉलेजातील काही मित्रमंडळी येऊ लागली. त्यांना ट्यूनिंग हवे होते, आण्णांच्या अर्थाचे नव्हे. गाडीचा वेग वाढवा, सायलेन्सरमधून फटाके वाजतील असे करा. यासाठी डबीतले लेखन पुसून नवे लिहावे लागते. काही परदेशी बनावटीच्या गाड्यांसाठी ट्यूनईसीयूसारखी सॉफ्टवेअरे त्यासाठीच आहेत. पण वाचणे आणि लिहिणे यांत फार अंतर आहे. वाचताना केबल निसटली तर पुन्हा वाचता येते. लिहिताना मध्येच बॅटरी बसली किंवा केबल निसटली तर डबी मुकी होऊ शकते, आणि नवी डबी म्हणजे एखाद्याच्या घरातले सोयाबीन विकण्याची पाळी. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे मूळ नोंदणीशी विसंगत असा बदल करता येत नाही. मला विचाराल तर शंभर सीसीच्या गाडीला फटाके वाजवून मिळते काय, हेच कळत नाही. एकाने तीन हजार देऊ केले होते. त्या महिन्याचा हप्ता द्यायचा होता, म्हणून मी आण्णांकडे पाहिले. ते म्हणाले, “आपण वाचायचं तेवढंच घेतलंय.” तो दुसरीकडे गेला.

करडखेडहून एक दूधवाले काका आले तेव्हा या सगळ्याचा खरा कस लागला. गाडी चढाला धापा टाकत होती, पेट्रोल जास्त खात होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना ऑक्सिजन सेन्सर बदला असे सांगितले होते; खर्च त्यांच्या आठवड्याच्या दुधाएवढा. आम्ही केबल लावली. क्रमांक आला पी ०१३०. मी त्याचा अर्थ वाचला: ऑक्सिजन सेन्सर सर्किट. आण्णा म्हणाले, “सेन्सर म्हणतंय का सर्किट म्हणतंय? नीट वाच पोरी.” मी म्हटले, “सर्किट म्हणतंय, आण्णा.” “मंग वायर बी त्यातच आली की.” त्यांनी मला मूठ हळूहळू पिळायला लावली आणि पडद्यावरचा आकडा पाहत राहिले. आकडा हलेचना. मग टाकी उतरवली. गाडी रात्री कडब्याच्या गंजीशेजारी उभी असे, आणि टाकीखाली उंदराने तार अशी सोलली होती की तांबे दिसत होते. नवी तार, डाग, वर बाही. मी दोष पुसण्याची आज्ञा दिली. आकडा खालीवर नाचू लागला. आण्णांनी पडद्याकडे पाहिले नाही. मान तिरपी करून डोळे मिटले होते. काकांनी दोनशे रुपये दिले आणि लिटरभर दूध.

आठवड्यातून तीन-चार गाड्या आता केबलीसाठी येतात. श्रीमंती आलेली नाही. बचत गटाचे सात हप्ते अजून जायचे आहेत. दादा वॉचमनच्या नोकरीबद्दल बोलत नाही. उलट त्याने चाकणहून एक जुना सोल्डरिंग गन पाठवला. दोषांच्या क्रमांकांची मराठी यादी मी करते आहे. आण्णांना आकडे वाचता येतात, पुढचा अर्थ मराठीत असला की माझ्या परीक्षेच्या दिवसांत माझ्यावाचून अडत नाही. चाळीस क्रमांक झाले आहेत.

मागच्या पंधरवड्यात विजेवर चालणारी एक स्कूटर आली. वहीत तिच्यासाठी रकानाच नव्हता. आमची केबल तिच्या खाचेत बसेना. गिऱ्हाईक म्हणाले, नांदेडला नेऊ काय? आण्णांनी मल्टीमीटर हातात घेतला, पण बॅटरीच्या झाकणाला हात लावण्याआधी वरच्या पिवळ्या चिठ्ठीकडे बोट दाखवून मला म्हणाले, “आधी काय लिहिलंय ते वाच.”

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष